पाळलेल्या कासवाची सुटका आणि पुनर्वसन : आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न

भिलाईच्या स्मृति नगरसारख्या वसाहतीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. गुळगुळीत फरशीच्या खोलीत प्लास्टिकचा टब आहे, त्यात चार बोटे पाणी आणि एक कासव. कुणीतरी ते ‘शुभ असते’ म्हणून आणून दिले होते. रोज पोळीचा तुकडा, भात, कधी कोबीचे पान, कधी दुधात भिजविलेला पाव असा आहार चालतो. दोन-तीन वर्षांनी कासवाचे कवच वेडेवाकडे होते, डोळे सुजून मिटतात, पाय ओढले जाऊ लागतात. घरातील मंडळींना वाईट वाटते, परंतु काय करावे ते कळत नाही. जवळच्या पशुवैद्याकडे जाण्याची भीती वाटते, कारण कासव पाळणे गुन्हा आहे असे ऐकलेले असते. मग एके दिवशी पहाटे ते कासव जवळच्या तलावात किंवा शेतातील विहिरीत सोडून दिले जाते आणि आपण एका जिवाची सुटका केली, असे समाधान मानले जाते.

बहुतेक वेळा ही सुटका नसून त्या प्राण्याचा शेवट असतो. ते कासव जमिनीवरचे असेल, तर विहिरीत बुडून मरते. पाण्यातले पण परदेशी असेल, तर तलावातील देशी जलचरांच्या मुळावर येते. देशी आणि पाण्यातले असले तरी ठिसूळ हाडे, सुजलेले डोळे आणि फुप्फुसाचा संसर्ग घेऊन ते फार काळ तग धरू शकत नाही.

हा विषय कृषी विस्ताराच्या कक्षेत येण्याचे कारण सरळ आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि भाताच्या बांध्या असोत, वा शिवनाथ आणि खारून नद्यांच्या खोऱ्यातील गावतळी असोत, कासव प्रथम दिसते ते शेतकऱ्याला. ‘याचे काय करायचे’ हा प्रश्न वनखात्याच्या आधी अनेकदा कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र किंवा पशुधन पर्यवेक्षक यांच्यापर्यंत पोहोचतो. शिवाय जनावरांच्या गोचिडांसाठी व कृमींसाठी घराघरांत असलेली औषधेच कासवाच्या जिवावर उठू शकतात. त्यामुळे योग्य उत्तर पहिल्याच माणसाला ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

प्रथम ओळख

शिवमंदिराच्या सभामंडपात नंदीसमोर कोरलेले दगडी कासव सर्वांच्या परिचयाचे आहे. कासवाविषयीचा आदर आपल्याकडे जुना आहे. मात्र ‘कासव म्हणजे पाण्यातला प्राणी’ ही समजूत अपुरी आहे. सुटकेच्या प्रत्येक प्रसंगी पहिला प्रश्न हाच असावा, की हे कासव जमिनीवरचे आहे की पाण्यातले? त्याचे उत्तर पायांकडे पाहून मिळते.

जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबासारखे असतात, बोटांमध्ये पडदा नसतो आणि पाठ घुमटासारखी उंच असते. भारतात अवैध पाळणुकीत सर्वाधिक आढळणारे तारा कासव, ज्याला बाजारात स्टार कासव म्हणतात, ते याच गटातले. काळपट कवचावर मधल्या उंचवट्यापासून निघालेल्या पिवळ्या रेषा ताऱ्यासारख्या दिसतात. हे कासव पोहू शकत नाही. त्याचे नैसर्गिक क्षेत्र म्हणजे वायव्येकडील गुजरात, राजस्थान व लगतचा सिंध, दक्षिणेकडील आंध्र प्रदेश, तमिळनाडू व कर्नाटकचा कोरडा भाग, आणि श्रीलंका. दुर्ग-भिलाई परिसरातील भातशेती हे त्याचे घर नव्हे.

पाण्यातल्या कासवांची बोटे पडद्याने जोडलेली असतात आणि पाठ चपटी असते. भाताच्या बांध्यांत व तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा, सहज ओळखता येते. त्याच्या पोटाकडील कवचाला मागच्या बाजूस झडपा असतात आणि पाय आत घेतल्यावर त्या मिटतात. गोगलगायी, कीटक, बेडूक, मृत मासे आणि पाणवनस्पती खाणारे हे कासव तळ्याची स्वच्छता राखते. उन्हाळ्यात तळे आटल्यावर ते चिखलात गाडून घेऊन राहते. काळ्या कठीण पाठीचे तळ्यातले कासवही मध्य भारतात आढळते.

तिसरा गट परदेशी आहे. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू मत्स्यालयाच्या दुकानांतून घरी येते. हे अमेरिकेतील लाल कानाचे कासव, म्हणजेच रेड इअर्ड स्लायडर. रुपयाएवढे दिसणारे हे पिल्लू काही वर्षांत ताटलीएवढे होते आणि मग नकोसे होते. जगातील सर्वाधिक घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

घरात नेमके काय बिघडते

कासवाचे कवच म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. बरगड्या आणि पाठीचा कणा जुळून बनलेले ते जिवंत हाड आहे. त्यावर आपल्या नखांसारख्या केराटिनचे पट्टे असतात. त्या हाडात रक्तपुरवठा असतो आणि त्याला दुखते. म्हणून कवचाला भोक पाडून दोरी बांधणे किंवा त्यावर ऑइल पेंट लावणे ही निरुपद्रवी हौस नसून इजा आहे.

कवचाची वाढ कॅल्शियमवर अवलंबून असते. अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ‘ड-३’ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील-ब किरण लागतात. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. त्यामुळे काचेतून येणाऱ्या उन्हात ठेवलेल्या कासवाला ऊब मिळते, परंतु ‘ड-३’ मिळत नाही. साध्या बल्बनेही ते मिळत नाही.

दुसरी उणीव आहाराची. तृणभक्षी कासवाच्या अन्नात फॉस्फरसच्या किमान दीड ते दोन पट कॅल्शियम असावे लागते. पोळी, भात, पाव, केळे यांत हे प्रमाण उलटे असते. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झलेट ते बांधून ठेवते. रक्तातील कॅल्शियम घटले, की शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे मऊ होतात, कवच दाबल्यास लवते, जबडा वाकतो आणि मागचे पाय शरीराचे वजन पेलू शकत नाहीत. यालाच चयापचयजन्य अस्थिविकार म्हणतात. दुभत्या जनावराला विल्यानंतर होणारा दुग्धज्वर शेतकऱ्यांना परिचित आहे. तेथे रक्तातील कॅल्शियम काही तासांत कोसळते, येथे वर्षानुवर्षे हाडांतून झिरपत जाते, एवढाच फरक.

तिसरी उणीव ओलाव्याची. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येणे हे ‘जास्त प्रथिने खाल्ल्याचे’ लक्षण मानले जात असे. आफ्रिकेतील काटेरी मांडीच्या कासवांच्या पिल्लांवरील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम मोठा आढळला. तारा कासवाच्या पाठीवर थोडे नैसर्गिक उंचवटे असतात, परंतु पाळीव कासवात ते बेढब होतात. पिण्यासाठी पाणी न मिळाल्यास मूत्राशयात युरेटचे खडेही तयार होतात.

चौथी उणीव उष्णतेची. कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही, ती बाहेरून घेते. तारा कासवाला दिवसा २६ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि एका जागी ३२ ते ३५ अंशांची उबदार जागा लागते. दुर्ग-भिलाईत हिवाळ्यातील रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तारा कासव शीतनिद्रा घेत नाही. थंड फरशीवर त्याचे पचन थांबते, रोगप्रतिकारशक्ती मंदावते आणि फुप्फुसात संसर्ग होतो. कासवाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही.

या चारही उणिवा मूकपणे साचत जातात. कासवाचे चयापचय इतके मंद असते, की आज झालेली हानी कित्येक महिन्यांनी दिसते. ‘दोन वर्षे तर छान होते, अचानक आजारी पडले’ असे जे सांगितले जाते, त्यातील ‘अचानक’ हा शब्द क्वचितच खरा असतो.

लक्षणांची ओळख

- कवच बोटाने हलके दाबल्यास लवणे, पाय ओढणे, चोच वाढून वाकडी होणे : कॅल्शियम व ‘ड-३’ची दीर्घकालीन कमतरता. मऊ पाठीच्या कासवाचे कवच कडेला मुळातच लवचिक असते, हे लक्षात घ्यावे.
- पापण्या सुजून डोळे मिटणे, विशेषतः पाण्यातल्या कासवात : बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता व अस्वच्छ पाणी.
- नाकातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून मान ताणून श्वास घेणे, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे : श्वसनसंसर्ग. यात विलंब चालत नाही.
- डोळे खोल जाणे, त्वचा सैल पडणे, खडूसारखी घट्ट पांढरी लघवी : निर्जलीकरण.
- कवचावर दुर्गंधीयुक्त मऊ ठिपके किंवा पट्टे सुटणे : कवच कुजणे.

पहिले दोन दिवस

आजारी कासव हाती आल्यावर बहुतेक लोक प्रथम त्याला खाऊ घालण्याचा प्रयत्न करतात. ही सर्वांत सामान्य चूक आहे. थंड शरीरात गेलेले अन्न पचत नाही, ते आतड्यात सडते. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. बराच काळ उपाशी असलेल्या प्राण्याला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून तो दगावू शकतो. म्हणून क्रम पाळावा : आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न.

ऊब : कासव कोरड्या, स्वच्छ खोक्यात ठेवावे. तळाशी गवत किंवा छपाई नसलेला कागद अंथरावा, जेणेकरून पाय घसरणार नाहीत. खोक्याच्या एका टोकाला साधा पिवळा बल्ब लावावा, दुसरे टोक तुलनेने थंड व आडोशाचे ठेवावे. कासवाला हवे तेव्हा उबेपासून दूर जाता आले पाहिजे. दोन्ही टोकांना तापमापक ठेवावा आणि रात्रीही तापमान २० अंशांखाली जाऊ देऊ नये. उन्हात ठेवताना सावली अनिवार्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी उघड्या टबात उन्हात विसरलेले कासव थोड्याच वेळात उष्माघाताने मरते. उन्हाळ्यात सकाळी ७ ते ९ आणि हिवाळ्यात ९ ते ११ ही वेळ सोयीची ठरते.

पाणी : शरीर उबदार झाल्यावर जमिनीवरच्या कासवाला पसरट भांड्यात कोमट, सुमारे २८ ते ३० अंशांच्या पाण्यात १५ ते २० मिनिटे बसवावे. पाणी पोटाच्या कवचापेक्षा किंचितच वर असावे आणि मान सहज पाण्याबाहेर राहावी. कासव पाणी पिते, अनेकदा लघवी व विष्ठाही करते. हे दिवसातून एकदा, देखरेखीखाली करावे. पाण्यातल्या अशक्त कासवालाही खोल पाण्यात सोडू नये. श्वास घेण्यासाठी वर येण्याचे त्राण नसेल, तर तेही बुडते.

अन्न : ऊब व पाणी मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत बरीच कासवे आपणहून खाऊ लागतात. तोंड जबरदस्तीने उघडून अन्न भरवू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. नळीने भरविण्याची गरज असल्यास ते काम पशुवैद्याचे आहे.

कासवाचे पहिल्या दिवशीचे वजन डिजिटल काट्यावर घेऊन वहीत लिहावे. पुढे दर आठवड्याला त्याच वेळी वजन घ्यावे. मंद प्राण्यात सुधारणा डोळ्यांना दिसण्यापूर्वी वजनात दिसते.

गोचीड, माशी आणि मुंगी

अशक्त कासवाच्या पुनर्वसनात कीटक व गोचीड यांचा उपद्रव हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि नेमका येथेच शेतकऱ्याच्या घरातील सवयीचा उपाय घातक ठरतो.

तारा कासवाच्या मानेच्या व मागच्या पायांच्या घड्यांत, तसेच कवचाच्या सांध्यांत गोचिडी चिकटलेल्या आढळतात. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास वापरले जाते. कासवाला आयव्हरमेक्टिन कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही मात्रेत देऊ नये. हे औषध कृमी व गोचिडांच्या मज्जापेशींतील क्लोराइडचे मार्ग उघडे ठेवून त्यांना लुळे करते. सस्तन प्राण्यांत मेंदूभोवतीचा रक्ताचा अडसर त्याला आत जाऊ देत नाही. कासवांमध्ये हे संरक्षण पुरेसे नसते. परिणामी तेही लुळे पडते, श्वसनाचे स्नायू थांबतात आणि मृत्यू ओढवतो. १९८३ सालीच कासवांवरील प्रयोगांतून ही विषबाधा सिद्ध झाली आहे, तरीही अनवधानाने हा प्रकार घडू शकतो. डेल्टामेथ्रीन किंवा सायपरमेथ्रीनसारखी गोठ्यात फवारायची द्रावणे आणि कुत्र्यांची गोचीडनाशक पावडर हीदेखील वापरू नयेत. गोचीड बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये.

पावसाळ्यात कवचाच्या भेगेवर, दोरीसाठी पाडलेल्या भोकावर किंवा विष्ठेने माखलेल्या शेपटीजवळ निळ्या-हिरव्या चमकदार माश्या अंडी घालतात. साधारण एका दिवसात अंड्यांतून अळ्या निघतात आणि आठवड्याभरात खोल जखम करतात. जनावरांच्या जखमेतील अळ्यांसाठी टर्पेंटाइन, फिनाइल किंवा डांबरगोळीची पूड वापरण्याची प्रथा आहे. कासवाच्या जखमेतून ही रसायने थेट रक्तात जातात. त्याऐवजी अळ्या चिमट्याने एकेक काढून जखम सलाइनने धुवावी, फिकट चहाच्या रंगाइतक्या सौम्य केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसावी आणि पशुवैद्याला दाखवावे. तोवर खोक्यावर मच्छरदाणीचे कापड घट्ट बसवावे. भेगा एम-सील किंवा फेव्हिक्विकने बुजवू नयेत, कारण त्यामुळे संसर्ग आत कोंडला जातो.

मुंग्यांकडे दुर्लक्ष होते. हालचाल मंदावलेल्या कासवाच्या डोळ्यांवर व जखमांवर रात्रीतून मुंग्या चढतात. मुंग्यांची पावडर टाकण्याऐवजी खोके स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. अन्नसाठ्यासाठी वापरली जाणारी ही घरगुती युक्ती येथे तंतोतंत उपयोगी पडते.

दुरुस्तीचे महिने

प्राण्याची स्थिती स्थिर झाल्यावर खरे पुनर्वसन सुरू होते. क्ष-किरण तपासणीतून हाडांची घनता, मूत्राशयातील खडे आणि मादीच्या पोटातील अंडी कळतात. ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन अंदाजाने देऊ नये. मात्रा जास्त झाल्यास कासवाची त्वचा सोलवटून निघते.

तारा कासवाचा आहार शेतकऱ्याच्या बांधावरच उपलब्ध आहे. हरळी व इतर कोवळे गवत हा मुख्य भाग असावा. त्याला शेवग्याची पाने, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले, काटे काढलेल्या निवडुंगाच्या फड्या यांची जोड द्यावी. पालक, कोबी, टोमॅटो व फळे नित्याचा आहार होऊ नयेत. दूध, पाव, पोळी, डाळ व मांस पूर्णपणे वर्ज्य करावे. चारा ज्या बांधावरून कापायचा, तेथे तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेले नसल्याची खात्री करावी. कपाशी व भाताच्या फवारणीच्या हंगामात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कॅल्शियमची पूरक मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने, फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात द्यावी. जनावरांच्या खनिज मिश्रणात फॉस्फरसही असतो, म्हणून ते चालत नाही. पाण्यातल्या मांसाहारी किंवा मिश्राहारी कासवांना नुसते कोंबडीचे मांस देऊ नये. अखंड लहान मासे, गोगलगायी, गांडुळे व पाणवनस्पती द्याव्यात, कारण हाडे व शंख यांतूनच त्यांना कॅल्शियम मिळते.

कुटुंबाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. एकदा वाकडे झालेले कवच सरळ होत नाही. सुधारणा झाल्यास उंचवट्यांच्या कडेला नवी वाढ गुळगुळीत व कठीण येऊ लागते, आणि तीच यशाची खूण असते. यास अनेक महिने, कधी काही वर्षे लागतात. काही कासवे जगतात, परंतु पुन्हा निसर्गात जाण्यायोग्य होत नाहीत. त्यांना आयुष्यभर देखभाल लागते आणि कासवाचे आयुष्य अनेक दशकांचे असते.

कासव हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना ते हाताळू देऊ नये आणि त्याचा टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये.

परस्पर सोडणे का टाळावे

बरे झालेले कासवही आपण होऊन कोठेही सोडू नये. याची तीन कारणे आहेत. पहिले कारण रोगाचे. घरात किंवा व्यापारात इतर प्रजातींच्या सान्निध्यात राहिलेले कासव मायकोप्लाझ्मा किंवा हर्पिस विषाणू वाहून नेऊ शकते आणि निसर्गातील निरोगी कासवांना त्याची लागण होऊ शकते.

दुसरे कारण मूळ स्थानाचे. वायव्य भारत, दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील तारा कासवे हजारो वर्षे वेगळी राहिली आहेत. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील म्हणजे सीसीएमबीमधील शास्त्रज्ञांनी परदेशातून परत आलेल्या तारा कासवांचे मूळ डीएनएवरून शोधण्याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. चांगल्या बियाण्यात भेसळ झाल्यास वाणाची शुद्धता जाते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. येथे प्रश्न त्याच प्रकारचा आहे.

तिसरे कारण सरावाचे. वर्षानुवर्षे हातून खाल्लेल्या प्राण्याला चारा, आडोसा व पाणी स्वतः शोधणे पुन्हा शिकावे लागते. म्हणून कुंपण घातलेल्या नैसर्गिक अधिवासात काही काळ ठेवून मग कुंपण काढण्याची पद्धत वापरली जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये अवैध व्यापार व पाळणुकीतून सोडविलेली ५१ तारा कासवे सिंगापूरहून बंगळूरला आणण्यात आली. ती थेट रानात सोडली गेली नाहीत. विलगीकरण, तपासणी आणि परिसराशी जुळवून घेण्याचा काळ हे टप्पे त्यांच्यासाठी ठरविण्यात आले. दोन देशांतील वन्यजीव संस्था आणि कर्नाटक वनविभाग यांना जे काम टप्प्याटप्प्याने करावे लागले, ते एका पहाटे तलावाच्या काठी उरकता येणार नाही.

लाल कानाच्या कासवाला मात्र कोणत्याही अवस्थेत भारतीय तळ्यात सोडू नये. ते देशी कासवांशी अन्न व ऊन खाण्याच्या जागांसाठी स्पर्धा करते.

कायदा आणि संपर्क

तारा कासव आणि मऊ पाठीचे तळ्यातले कासव या दोघांचाही समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. असा प्राणी कोणत्याही मार्गाने ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळविणे कलम ३९ नुसार बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात तारा कासव २०१९ साली पहिल्या परिशिष्टात आले. पुण्याहून मिळालेल्या नमुन्यावरून शास्त्रात नोंदले गेलेले लीथचे मऊ पाठीचे कासवही २०२२ साली त्याच परिशिष्टात गेले.

एवढ्या कठोर संरक्षणाची गरज का आहे, हे आकड्यांवरून कळते. सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांत भारतात एक लाख अकरा हजारांहून अधिक कासवे जप्त झाल्याची नोंद ट्रॅफिक या संस्थेने केली आहे. वास्तुदोष, गुप्तधन, ‘वीस नखी कासव’ यांसारख्या अंधश्रद्धाही मागणीला खतपाणी घालतात. तारा कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. नखांच्या संख्येत कोणतेही धन दडलेले नाही.

शिक्षेच्या भीतीने कासव लपविणे किंवा रात्री सोडून देणे, यामुळे कुटुंबाची अडचण कमी होत नाही आणि प्राणी मात्र जिवाला मुकतो. स्वतःहून कळविल्यास कारवाई होणारच नाही, असे आश्वासन विस्तार कार्यकर्त्याने देऊ नये. तो अधिकार वनविभागाचा आहे. तथापि वनविभागाला कळविणे हाच कायदेशीर मार्ग आहे, हे ठामपणे सांगावे. कुटुंबासोबत वनपरिक्षेत्र कार्यालयापर्यंत स्वतः गेल्यास भीती पुष्कळ कमी होते.

महाराष्ट्रात वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ हा क्रमांक आहे. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर कार्यरत आहे. भिलाई परिसरातील नागरिकांनी दुर्ग वनमंडळाशी संपर्क साधावा. दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने तज्ज्ञांचा सल्लाही जवळ मिळू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सारांश

१. पाय पाहून कासव जमिनीवरचे की पाण्यातले ते ठरवावे. विहिरीत किंवा तलावात सोडू देऊ नये.
२. वनविभागाला त्याच दिवशी कळवावे. ४८ तासांची मर्यादा ध्यानात ठेवावी.
३. वनविभाग ताबा घेईपर्यंत ऊब द्यावी, नंतर उथळ कोमट पाणी, त्यानंतरच अन्न.
४. आयव्हरमेक्टिन, गोठ्यातील फवारणी, टर्पेंटाइन व फिनाइल यांपासून कासव दूर ठेवावे.
५. वजन, तापमान, खाणे व विष्ठा यांची नोंद ठेवून ती प्राण्यासोबत सुपूर्द करावी. मागील आहार व कासव कोठून मिळाले याची माहिती उपचारांइतकीच मोलाची असते.

शेतकरी मेळाव्यात किंवा शाळेच्या भेटीत या विषयासाठी दहा मिनिटे राखून ठेवणे अवघड नाही. टबातील कासवाला झालेली इजा निष्ठुरतेतून क्वचितच होते. ती बहुधा माहिती नसल्यामुळे होते, आणि माहिती पोहोचविणे हेच विस्ताराचे काम आहे. गावातील एका माणसाला जरी ठाऊक असले, की खांबासारख्या पायांचे कासव पाण्यात तरत नाही, तरी पुढच्या वेळी ते विहिरीच्या काठावरून परत आणले जाईल.